जानेवारीतल्या नळ्या

ती आमच्या लखनौच्या संस्थेत रुजू झाली त्या दिवसापासून मला आवडली नाही, आणि त्याचं कारण ती कामात चांगली होती हेच होतं. वाईट असती तर मी तिला मदत केली असती.

मी पेशींवर काम करते. नेमकं सांगायचं तर पेशीच्या आत ज्या अतिशय बारीक पोकळ नळ्या असतात त्यांच्यावर. पुस्तकात त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात, प्रयोगशाळेत आम्ही नुसतं ट्यूब म्हणतो, आणि घरी माझा नवरा ‘तुझे पाइप’ म्हणतो. तो रेल्वेत इंजिनियर आहे. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट पाइप तरी वाटते नाहीतर रूळ तरी. या बाबतीत तो फारसा चुकत नाही, कारण या नळ्यांवरूनच पेशीतला माल इकडून तिकडे जातो. फरक एवढाच की हे रूळ एका टोकाला सतत वाढत असतात आणि मध्येच, काही कळायच्या आत, कोसळतात. मग पुन्हा वाढायला लागतात. पेशीचं विभाजन त्यांच्याशिवाय होत नाही, म्हणून कॅन्सरची काही औषधं थेट या नळ्यांवरच घाव घालतात.

माझ्या नावावर एक गोष्ट होती. पेपर बरेच आहेत, पण त्यातले पुष्कळसे दुसऱ्यांच्या कामाला हातभार म्हणून. स्वतःची म्हणावी अशी एकच. चौदा वर्षांपूर्वी मी एका झाडाच्या मुळाच्या सालीतून काढलेलं द्रव्य पेशींना दिलं आणि त्याने आतल्या नळ्या विरघळतात हे दाखवलं. जगाने दखल घ्यावी असा शोध नव्हता. पण बढती मला त्यावर मिळाली, विद्यार्थी त्यावर मिळाले, परिषदांमध्ये लोक ‘वो छाल वाली मैडम’ म्हणून मला ओळखत. तेवढं मला पुरत होतं, ती येईपर्यंत.

ती सांगलीची. वय पस्तीस. सहा वर्षं जर्मनीत काढून आली होती आणि येताना एका सूक्ष्मदर्शकाची मंजुरी घेऊनच आली. त्या यंत्रावर जिवंत पेशीतली एकेक नळी वाढताना आणि कोसळताना दिसते. मी वीस वर्षं याच नळ्या मेलेल्या पाहत आले होते. पेशी रसायनात घट्ट करायच्या, रंगवायच्या, फोटो काढायचा, मोजायचं. तिने पहिल्याच आठवड्यात मला खाली बोलावून पडदा दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे धागे सरकत होते, थबकत होते, मागे पळत होते. मी पडद्याजवळ वाकले.

“कसं वाटतंय, मॅडम?” तिने विचारलं.

“रंग जरा जास्त झालाय,” मी म्हटलं.

ती हसली. मग म्हणाली, “आपल्या मजल्यावर मराठी आपण दोघीच. तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल?”

“मॅडम ठीक आहे.”

याचाही तिला राग आला नाही. ती कधी रागवायचीच नाही, हा माझा दुसरा आक्षेप होता. विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत तिच्या खोलीत डबे घेऊन जायला लागले. माझे विद्यार्थीसुद्धा. माझी मुलगी एकदा मला भेटायला आली, दहा मिनिटं तिच्याशी बोलली आणि घरी येईपर्यंत स्कूटरच्या मागच्या सीटवरून ऐकवत राहिली, “मम्मा, वो कितनी कूल हैं! आप लोग तो फ्रेंड्स होंगे ना?” मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते. मी निशातगंजच्या पुलावरच्या गर्दीत लक्ष घातलं.

नवऱ्याला मात्र सगळं दिसत होतं.

“आज काय केलं तुझ्या सांगलीने?”

“काही नाही. डायरेक्टरच्या पाहुण्यांसमोर भाषण होतं.”

“कसं झालं?”

“बरं झालं.”

“म्हणजे फारच चांगलं झालं. तुझ्या पोटात दुखतंय.”

“ओवा खाल्लाय,” मी म्हटलं.

एप्रिलमध्ये ती माझ्या खोलीत आली. हातात माझा तो चौदा वर्षांपूर्वीचा पेपर होता, कडेने पेन्सिलच्या खुणा केलेला.

“मॅडम, हा मी जर्मनीत असताना वाचला होता. तुमचं द्रव्य नव्या यंत्रावर घालून बघूया का? नळी नेमकी कुठून मोडते, टोकाकडून की मधून, ते दिसेल. आपण दोघींनी मिळून.”

दुसरी कोणी आनंदली असती. मला वाटलं, ही माझ्या एकुलत्या एका गोष्टीवर उजेड टाकून बघणार आहे. पण नाही म्हणायला कारण हवं, आणि ते मला सुचलं नाही. फ्रीजरमधल्या जुन्या बाटलीतलं द्रव्य मी तिला दिलं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. “काहीच होत नाहीये.”

“काहीच म्हणजे?”

“नळ्या मजेत आहेत. वाढतायत, कोसळतायत, पुन्हा वाढतायत. तुमचं द्रव्य आहे की पाणी, त्यांना फरक पडत नाही.”

“तू नळ्या बनवायला प्रोटीन कुठलं वापरलंस?”

“विकतचं. गोठवून येतं ते.”

“मग बरोबर. पार्सलचं प्रोटीन आणि घरचं यात फरक असतो. उद्या सकाळी सहाला खाली ये. डबा आणू नकोस, जेवण जाणार नाही.”

नळ्या ज्या प्रोटीनच्या बनतात ते सर्वांत जास्त मेंदूत मिळतं. मी ते पहिल्यापासून बकऱ्याच्या मेंदूतून स्वतः काढत आले. घरात आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, पण निशातगंजच्या मागच्या एका गल्लीतला खाटीक मला शेजाऱ्यांपेक्षा चांगला ओळखतो. मेंदू तासाभराच्या आत बर्फात गेला पाहिजे, नाहीतर सगळं फुकट, म्हणून मी स्वतः जाते आणि सहलीचा थर्मासचा खोका सोबत नेते. त्या खोक्यात आता आमच्या घरी कोणी सरबत ठेवत नाही.

“आइए, दिमाग़ वाली मैडम! इस बार तो बहुत दिन लगा दिए,” दुकानदार म्हणाला. मग त्याने माझ्या मागे पाहिलं. “ये आपकी साहबज़ादी हैं?”

“साथ में काम करती हैं.”

“माशाअल्लाह, शक्ल तो मिलती है. कितने दे दूँ? और हरा धनिया?”

कोथिंबिरीचा विनोद तो दर वेळी करतो. मी आठ मेंदू मोजून घेतले. ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, “तरी मी ताई म्हणत होते. आता थेट आईवर गेलं.” ऑटोवालाही हसला. मी खोक्याचं झाकण नीट लागलंय का ते पाहिलं.

मेंदूवरची पातळ कातडी आणि रक्ताच्या बारीक वाहिन्या चिमट्याने सोलून काढाव्या लागतात. मी हे काम वीस वर्षं करतेय. माझे दोन सोलून झाले तेव्हा तिचे पाच झाले होते, आणि तिने ते आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतले होते. पुढचं काम म्हणजे वाटणं, मग ऊब आणि गारठा यांच्या दोन फेऱ्या. शरीराइतक्या उबेत ठेवलं की प्रोटीनचे कण जुळून नळ्या होतात, बर्फात ठेवलं की त्या विरघळतात. प्रत्येक फेरीत गाळ मागे राहतो आणि हवं ते शुद्ध होत जातं. नळीला थंडी सोसत नाही, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगते.

प्रोटीन झकास निघालं. त्यावर आम्ही माझं द्रव्य घातलं. नळ्या मजेत होत्या.

इथे दुसरी कोणी म्हणाली असती की मॅडम, तुमचं काम चुकलं. ती म्हणाली, “पेशीच्या आत गेल्यावर द्रव्याचं रूप बदलत असेल. तुम्ही पेशींवर केलं होतं ना? मी पेशींवर करते.” मे आणि जून तिने त्यात घालवले. सकाळी आठला येई, जेवायला वर येत नसे. माझे विद्यार्थी पुन्हा माझ्याकडे डबे आणायला लागले, आणि मला त्याचं बरं वाटलं हे लिहून ठेवते. तिच्या पेशींत काहीही मोडत नव्हतं. ती स्वतःलाच दोष देत होती. मी तिला तो देऊ देत होते.

जुलैच्या सुरुवातीला ती म्हणाली, “मॅडम, तुमची त्या वेळची वही बघायला मिळेल? पेपरमध्ये सगळं लिहिलेलं नसतं. काहीतरी मी वेगळं करतेय.”

“कपाटात शोधावी लागेल,” मी म्हटलं.

शोधावी लागणार नव्हती. खालच्या फळीवर, निळ्या पुठ्ठ्याची. ती बाहेर काढायच्या आधी मी एकदा चाळायची ठरवली, कारण त्या वहीत मधला मजकूर इंग्रजीत आहे आणि समासातला मराठीत. इंग्रजी सगळ्यांसाठी होतं, समास माझा. लखनौत देवनागरी कोणालाही वाचता येते, पण माझ्या घाईच्या अक्षरातली अकोल्याची मराठी आमच्या मजल्यावर कोणाला लागत नसे. तेव्हा एक वयस्कर साहेब सगळ्यांच्या सामायिक इन्क्युबेटरचे, म्हणजे पेशी शरीराइतक्या उबेत ठेवायच्या कपाटाचे, मालक असल्यासारखे वागत, त्यांच्याबद्दल मी समासात काय काय लिहिलंय ते आठवून मला धाकधूक होती. आता ते वाचू शकणारं एक माणूस मजल्यावर होतं.

साहेबांबद्दलचा मजकूर सापडला. इंग्रजीत लिहिलं होतं: द्रव्य घालून तीस मिनिटं, खोलीच्या तापमानाला. बाजूला समासात: ‘म्हणतात अनोळखी औषध इन्क्युबेटरात ठेवायचं नाही, बाकीच्यांच्या पेशी बिघडतील. डिश खिडकीजवळच्या टेबलावर. बोटं गारठलीत, पिपेट धरवत नाही. दोन स्वेटर आणि मोजे.’

मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसले.

समासातच तारीख होती, जानेवारीची. लखनौचा जानेवारी ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, आणि आमच्या इमारतीत तेव्हा साधा हीटर नव्हता. ‘खोलीचं तापमान’ हे शब्द ज्या देशातल्या पुस्तकांतून आम्ही उचलले तिथे हिवाळ्यातही खोल्या उबदार असतात. माझं टेबल फ्रीजपेक्षा फार गरम नव्हतं. द्रव्य घातलेल्या डिश त्या टेबलावर अर्धा तास. आणि तुलनेसाठी ठेवलेल्या, द्रव्य न घातलेल्या डिश? त्यांना आत ठेवायला साहेबांची हरकत नव्हती. त्या उबेत होत्या.

नळ्या माझ्या द्रव्याने विरघळल्या नव्हत्या. थंडीने विरघळल्या होत्या. प्रयोग मी तीनदा केला होता, तिन्ही वेळा त्याच हिवाळ्यात, कारण मार्चमध्ये अहवाल द्यायचा होता. विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला जे सांगते ते मला माझ्याच टेबलावर दिसलं नव्हतं. थंडी म्हणजे बर्फ, एवढंच डोक्यात होतं. खोली ही नुसती खोली होती.

पुढे मी जे केलं ते अभिमानाचं नाही. फोटोकॉपीच्या मशीनवर गेले, कागदाची एक पट्टी कापली, समासावर ठेवली आणि पानं छापायला सुरुवात केली. चार पानं अगदी स्वच्छ आली. इंग्रजी मजकूर, तारखा नाहीत, मोजे नाहीत, साहेब नाहीत. ती ही पानं घेऊन आणखी महिनाभर झटली असती, मग कंटाळून म्हणाली असती की जुनं द्रव्य खराब झालं असेल. असं होतं. कोणी कोणाला काही विचारत नाही. माझा पेपर जिथे होता तिथे राहिला असता.

पाचव्या पानाला मी थांबले. लोक नंतर म्हणाले, मॅडमचा प्रामाणिकपणा. तसं काही नव्हतं. मला एवढंच दिसलं की ही बाई थांबणारी नाही. आज ना उद्या हिवाळा येईल, ती एखाद्या सकाळी स्वेटर घालत उभी राहील आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडेल. माझी चूक तिला सापडेल. मग मला अतिशय गोड शब्दांत सांगेल, आणि ते मी सहन करू शकणार नव्हते. माझं सगळं तिने घ्यावं, पण हे नाही. निदान माझी चूक तरी मीच शोधली, असं म्हणता आलं पाहिजे.

वही घेऊन मी खाली गेले आणि तिच्यासमोर ते पान उघडून ठेवलं. “समास वाच.”

तिने वाचलं. ‘दोन स्वेटर’पाशी तिचं बोट थांबलं. तिला समजायला मला लागला त्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

“कंट्रोलच्या डिश इन्क्युबेटरच्या आत होत्या?”

“आत.”

“आणि तुम्हाला हे कधी कळलं?”

“सकाळी.”

ती उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “तीन महिने, मॅडम! तीन महिने मी रोज रात्री घरी जाऊन आईला फोनवर सांगतेय की माझे हात बिघडले. जर्मनीत सगळं जमत होतं, इथे येऊन मला काहीच जमेना. मी परत जायचा विचार करत होते. वही तुमच्या खोलीत, तुमच्या कपाटात! एप्रिलमध्ये का नाही उघडलीत?”

“उघडायची नव्हती,” मी म्हटलं.

“का?”

“तू बघशील म्हणून.”

मी माफी मागितली नाही, तिने ती मागायला लावली नाही. पण ती चिडली होती, तिला रडू येत होतं आणि तिने ते नाक ओढून दाबलं, हे बघून मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. हिलासुद्धा रात्री आईला फोन करून सांगावं लागतं तर.

पत्र मी स्वतः लिहिलं, तिला न दाखवता. ज्या मासिकात पेपर आला होता त्यांना कळवलं की तुलनेच्या डिश योग्य तऱ्हेने ठेवल्या नव्हत्या, निष्कर्ष पुन्हा मिळत नाही, पेपर मागे घ्यावा. सालीतून द्रव्य काढून देणाऱ्या माझ्या निवृत्त सहलेखकांना फोन केला. ते म्हणाले, “अब क्या फ़र्क़ पड़ता है, मैडम? रहने दीजिए.” मी म्हटलं, सही पाठवा. त्यांनी पाठवली. डायरेक्टरने बैठकीत माझं उदाहरण दिलं, टाळ्या वाजल्या. तिच्या भाषणाला वाजतात तेवढ्या नाही. घरी नवऱ्याने विचारलं, “म्हणजे आता तुझ्या नावावर काय राहिलं?” मी म्हटलं, घराचं वीजबिल. तो हसला नाही. त्याने चहा करून आणला.

पत्र पाठवल्यावर दोन दिवसांनी ती वर आली. माझ्या जुन्या फोटोंची पाकिटं तिने मागून घेतली होती, ती टेबलावर पसरली.

“मॅडम, एक विचारू? थंडीत, पण द्रव्य न घालता ठेवलेली एखादी डिश आहे?”

“नाही. तेच तर चुकलं.”

“मग थंडीत तुमचं द्रव्य काय करतं हे आपल्याला माहीतच नाही.” तिने एक फोटो माझ्याकडे सरकवला. “ह्या बघा. केंद्रकाभोवती. आणि इथे. एवढ्या गारठ्यात अर्धा तास राहून इतक्या नळ्या उरायला नकोत. माझ्या पेशींत उरत नाहीत, मी काल कोल्ड रूममध्ये ठेवून पाहिलं. तुमचं द्रव्य त्यांना मोडत नसेल. धरून ठेवत असेल.”

त्याच फोटोची प्रत चौदा वर्षं माझ्या भिंतीवर होती. मी त्यात कायम रिकामी जागा बघत आले, कारण मला रिकामी जागा दाखवायची होती. उरलेल्या नळ्या तिने दोन दिवसांत पाहिल्या. मला त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला तितका त्या यंत्रामुळे नव्हता वाटला, भाषणांमुळे नव्हता, जर्मनीमुळे नव्हता. पान वाचता येणं वेगळं आणि जे लिहिलेलंच नाही ते दिसणं वेगळं. ते तिच्याकडे होतं.

“करूया?” तिने विचारलं.

“तू कर,” मी म्हटलं. “मी सकाळी मेंदू आणून देते.”

“मेंदू नकोत, पेशी पुरतील. मॅडम, तुम्ही हव्यात.”

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिने खालून फोन केला. नुसतं म्हणाली, “या.” दोन डिश थंड केल्या होत्या, एकीत द्रव्य, एकीत नाही. मी यंत्रासमोर बसून भिंगांना डोळे लावले. पहिल्या, द्रव्य नसलेल्या डिशमध्ये अंधार, मध्ये धूसर हिरवट धूर. दुसरीत अंधार होता, आणि त्या अंधारात धागे होते. सगळे नव्हेत. पण होते.

“हे एकदाच झालंय,” मी म्हटलं. “अजून दहा वेळा करावं लागेल.”

“हो.”

“कुठली डिश कुठली हे मोजणाऱ्याला माहीत असता कामा नये. आणि हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा.”

“हो मॅडम.”

“मोजणार मी.”

“बरं.”

ती माझ्या मागे उभी होती, तिलाही पुन्हा बघायचं होतं, हे तिच्या पाय बदलण्यावरून कळत होतं. एक धागा किंचित आखूड झाला, थांबला, टिकून राहिला. मी चाकी किंचित फिरवून फोकस नीट केला, तो आधीच नीट होता तरी, आणि उठले नाही.